पत्ता, ठिकाण आणि माग

दौंड पुणे जिल्ह्यात आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पोस्टाच्या हिशेबात मात्र ते पुण्याचे नाही. आमचा पिन कोड ४१३८०१. यातले पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि ४१३ हा सोलापूरचा गट आहे. याच दौंड तालुक्यातले केडगाव ४१२२०३, यवत ४१२२१४, पाटस ४१२२१९. म्हणजे पाटसपर्यंतचे पत्र पुण्याच्या ग्रामीण गठ्ठ्यात, आणि तिथून थोड्याच अंतरावर कुरकुंभला (४१३८०२) गेले की सोलापूरच्या गठ्ठ्यात. शेजारचे शिरूर ४१२२१०, बारामती ४१३१०२. आणि आमच्याकडून मनमाडला जाणाऱ्या लोहमार्गावरची राहुरी ४१३७०५, श्रीरामपूर ४१३७०९. जिल्ह्यांचा नकाशा समोर घेऊन हे आकडे लावू गेलो तर काही जुळत नाही. त्याखाली रेल्वेचा नकाशा सरकवला की बरेचसे जुळते.

ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात काव्ये आणि नाटके लिहिणारे गृहस्थ होते. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि पोस्ट-तार मंडळाचे सदस्य असताना त्यांनी हा सहा आकड्यांचा क्रम आखला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला. कवीने केलेल्या या रचनेत एक गोष्ट पक्की होती : पिन कोड हे गावाचे वर्णन नव्हे. तो टपाल वाहून नेणाऱ्यांनी आपसात ठरवलेला संकेत आहे. पत्र कोणत्या थैलीत टाकायचे एवढेच तो सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो अचूक आहे. पिन कोडवरून कुणी दौंडला सोलापूर जिल्ह्यात ढकलले तर दोष आकड्याचा नाही, वाचणाऱ्याचा आहे.

वाचणाऱ्याचा हा दोष आता फार मोठ्या प्रमाणावर आणि फार गंभीर कामांत होऊ लागला आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आपण आयपी अ‍ॅड्रेस म्हणतो. हा क्रमांक एखाद्या शोधपानावर टाकला की क्षणात एक तक्ता समोर येतो : देश, राज्य, शहर, अक्षांश, रेखांश, कंपनीचे नाव, जाळ्याचा क्रमांक. पोलीस तो वाचतात, बँका वाचतात, पत्रकार वाचतात, आणि अलीकडे घाबरलेला सामान्य माणूसही वाचतो. हा तक्ता एक लेखनप्रकार आहे असे धरून त्याची समीक्षा करावी, असे बरेच दिवस मनात होते. निमित्त शेजाऱ्यांनी दिले.

शेजारचे अण्णा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. एका सकाळी ते हातात फोन घेऊन फाटकाशीच उभे. ‘‘अहो सर, माझं इमेलचं खातं रात्री कुणीतरी मुंबईहून उघडलंय. हे बघा, लिहूनच आलंय.’’ संदेशात वेळ होती रात्रीचे नऊ-चाळीस. त्या वेळी अण्णा स्वतःच नातवाचे फोटो बघायला खाते उघडून बसले होते, दौंडात, आपल्या ओट्यावर. मुंबईचा चोर म्हणजे तेच होते. त्यांची समजूत पटायला अर्धा तास गेला. पटल्यावर मात्र ते जे बोलले ते माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा नेमके होते : ‘‘म्हणजे आपलं स्टेशन इतकी वर्षं सोलापूर डिव्हिजनमध्ये होतं, तसंच की हे.’’ तसेच आहे. दौंड जंक्शन २०२४ साली पुणे विभागात आले, आणि त्यासाठी स्टेशनाची एक वीटही हलवावी लागली नाही.

या तक्त्याचे वाचन करताना पहिल्यांदा त्यातले दोन आवाज वेगळे करावे लागतात. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला सातबाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. सातबारा म्हणजे एका कागदावर छापलेले दोन नमुने. गाव नमुना सात सांगतो, जमिनीवर हक्क कुणाचा. गाव नमुना बारा सांगतो, रानात यंदा काय उभे आहे. पहिला हक्काची नोंद, दुसरा पाहणीची. दोन्हींचा पुरावा म्हणून कस वेगळा असतो, हे ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. आयपी क्रमांकाच्या तक्त्यातही असेच सात आणि बारा शेजारी शेजारी बसवलेले आहेत. फरक इतकाच, की इथे मधली रेघ पुसून टाकली आहे आणि दोन्हींना एकच अक्षर, एकच रंग, एकच ठाम सूर दिला आहे.

यातल्या साताचा भाग, म्हणजे हक्काची नोंद, जुनी आणि प्रतिष्ठित आहे. तिचे नाव हूइज, ‘कोण आहे’ असा साधा प्रश्न. मार्च १९८२ मध्ये केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी तिची लेखी रीत प्रसिद्ध केली. त्या वेळी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली जाळ्याचे माहिती केंद्र चालत असे, आणि हूइज म्हणजे जाळे वापरणाऱ्या मंडळींची डिरेक्टरी होती. काही अडले तर कुणाला फोन करायचा, हे कळावे म्हणून. मंडळी मोजकी होती, एकमेकांना ओळखणारी होती. या नोंदीचा मूळ स्वभाव सोसायटीच्या जिन्यात लावलेल्या सभासदांच्या पाटीसारखा आहे.

पुढे जाळे जगभर पसरले आणि पाटीची वतनदारी उतरत्या क्रमाने वाटली गेली. सगळ्या क्रमांकांचा मूळ साठा एका जागतिक व्यवस्थेकडे, तिच्याखाली पाच प्रादेशिक नोंदणी संस्था. आपला विभाग एपनिकचा. तिचे कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिच्याखाली भारतापुरती आयरिन ही संस्था, जी निक्सी चालवते. तिच्याकडून क्रमांकांचे पट्टे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना मिळतात आणि कंपनीकडून तुम्हाआम्हाला तात्पुरता एखादा क्रमांक. नोंदवहीत लिहिलेले असते ते कंपनीपर्यंतच. क्रमांकांचा पट्टा कुठून कुठपर्यंत, पट्ट्याला कंपनीने आपल्या सोयीने दिलेले नाव, कंपनीच्या मुख्य कचेरीचा पत्ता, तांत्रिक आणि कारभारी माणसांच्या खुणा, तक्रार करण्याची इमेल, शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख. गद्य म्हणून वाचले तर अतिशय संयत लेखन. ज्याची माहिती नाही त्याबद्दल ते बोलत नाही.

अपवाद एका ओळीचा : ‘देश’. इतका साधा शब्द, पण त्याचा अर्थ काय? कंपनी ज्या देशात नोंदली तो, यंत्रे जिथे आहेत तो, की वापरणारा जिथे बसला आहे तो? युरोपच्या नोंदणी संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत या बाबतीत हात वर केले आहेत. या रकान्यातल्या देशाचा नेमका अर्थ कधी ठरवलेलाच नाही, त्यामुळे क्रमांकावरून देश ठरवायला त्याचा भरवसा धरू नये, असा त्या मजकुराचा आशय आहे. नोंद ठेवणाराच आपल्या नोंदीबद्दल इतके प्रांजळ बोलतो. त्यावर आधारलेली शोधपाने मात्र या रकान्याशेजारी तिरंगा फडकावून मोकळी होतात.

आता बारा. शहर, अक्षांश आणि रेखांश नोंदवहीत नसतातच. ते वेगळ्या कंपन्या तयार करतात आणि विकतात. तयार करतात म्हणजे अंदाज बांधतात. अंदाजाची साधने अनेक आहेत. नोंदीतला कचेरीचा पत्ता, वाटेतल्या यंत्रांच्या नावांत दडलेली शहरांची संक्षिप्त रूपे, ग्राहकांनी दुकानांच्या पानांवर भरलेले पिन कोड, आणि वेळ. यातला वेळेचा उपाय मला सगळ्यांत देखणा वाटतो, कारण त्याच्या पाठीशी निसर्गाचा नियम आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलीसेकंदात २०० किलोमीटर. जाऊन परत यायचे असेल तर १००. पुण्यातल्या यंत्राने मारलेल्या हाकेला एका मिलीसेकंदात ‘ओ’ आली, तर ओ देणारा पुण्यापासून १०० किलोमीटरच्या आत आहे, हे निश्चित. लोहमार्गाने पाऊणशे किलोमीटरवरचे दौंड त्या वर्तुळात बसते. पण तेवढ्यात अहिल्यानगरचाही बराच मुलूख येतो आणि कोकणही. शिवाय मोबाइलवरून उत्तर यायला सहज चाळीस मिलीसेकंद लागतात. त्या हिशेबाने वर्तुळाची त्रिज्या होते ४००० किलोमीटर. त्यात सगळा भारत बसतो, वर शेजारची राष्ट्रेही. नियम खरा, उत्तर खरे, उपयोग शून्य.

आणि मोबाइलच्या बाबतीत तर प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. दौंडातल्या फोनमधून निघालेली माहितीची पुडकी टॉवरवरून कंपनीच्या आतल्या जाळ्याने तिच्या मोठ्या केंद्रापर्यंत जातात, आणि तिथल्या वेशीतून बाहेरच्या जगात पडतात. बाहेरचे जग वेस पाहते. वेस मुंबईत असेल तर मुंबई म्हणते. अण्णांच्या बाबतीत झाले ते एवढेच. इथे एक घोटाळा टाळायला हवा : फोनमधला नकाशा तुम्हाला तुमच्या गल्लीतच दाखवतो तो उपग्रहांच्या खुणांवरून, आणि पोलीस टॉवरवरून फोनचा ठाव काढतात तो कंपनीच्या आतल्या नोंदींवरून. या दोन्ही गोष्टी आयपी क्रमांकाहून वेगळ्या आहेत. पडद्यावरच्या गुन्हेकथांनी तिन्हींची एकच लुकलुकणारी लाल टिकली करून टाकली आहे.

त्यातही वेशीवरचा क्रमांक एकट्याचा राहिलेला नाही. जुन्या पद्धतीचे आयपी क्रमांक एकंदर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाच्या लोकसंख्येला ते पुरणारे नव्हतेच. मूळ साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिकने आपल्या विभागात काटकसर लागू केली. नव्या पद्धतीचे अफाट लांबीचे क्रमांक आले आहेत, भारतात ते बरेच रुजलेही आहेत; पण जुने अजून चालू आहेत आणि ते भागवायला कंपन्या एका क्रमांकाआड अनेक ग्राहक बसवतात. २०१२ साली खास यासाठी एक पट्टा राखून दिला गेला. वाड्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत चाळीस बिऱ्हाडे, असा प्रकार. दरवाजाचा फोटो दाखवून ‘हा कुणाचा’ असे विचारण्यात काही अर्थ उरत नाही. कोणत्या क्षणी, आणि कोणत्या पोर्टमधून, हे दोन प्रश्न जोडीला लागतात.

हे सगळे अंदाज बांधणाऱ्यांना माहीत नसते असे नाही. चांगल्या कंपन्या आपल्या कोष्टकात प्रत्येक ठिकाणाबरोबर अचूकतेची त्रिज्याही देतात : इतक्या किलोमीटरच्या परिघात असावे, अशी. शोधपाने नेमका तोच रकाना गाळतात. उरतो तो अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे चार आकडे देऊन. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण अकरा मीटर. ज्या विधानाची खरी ताकद ‘बहुधा महाराष्ट्रात’ एवढीच आहे, ते अकरा मीटरच्या भाषेत सांगितले जाते. माझा या लेखनप्रकारावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. चूक कुणाचीही होते. पण इथे शंकेची खूण असलेले शब्दच खोडून मजकूर पुढे पाठवला जातो. एखाद्या संशोधकाने हस्तलिखितातले ‘अक्षर अस्पष्ट’ हे कंस काढून टाकून पाठ छापला, तर त्याला आपण काय म्हणू?

याची किंमत अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतमळ्याने मोजली. क्रमांक अमेरिकेतला आहे, पण त्यापुढे काहीच कळत नाही, अशा वेळी मॅक्समाइंड या कंपनीचे कोष्टक देशाचा मध्य म्हणून ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम हा बिंदू देत असे. तो बिंदू त्या मळ्यात पडत होता. साठ कोटींहून अधिक क्रमांक तिथे येऊन टेकले. वर्षानुवर्षे मळ्यावर पोलीस यायचे, फसवले गेलेले लोक यायचे, हरवलेली माणसे शोधणारे यायचे. तिथे राहणाऱ्यांना कारण कळले ते एप्रिल २०१६ मध्ये, काश्मीर हिल या पत्रकार बाईंनी शोध लावल्यावर. त्यानंतर कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावात नेऊन बुडवला. ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची सोय कोष्टकात होती. पाण्यात टिंब टाकणे अधिक सोपे वाटले असावे.

आपण हसण्याआधी एक पाहायला हवे. ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा आकडा सीआयएच्या फॅक्टबुकात अमेरिकेसाठी दिलेला आहे, आणि त्याच पुस्तकात भारतासाठी दिलेला बिंदू आहे २० उत्तर, ७७ पूर्व. देशांच्या मध्यबिंदूंच्या तक्त्यांतून हा आकडा पुष्कळ फिरला. नकाशावर बोट ठेवून पाहा. ते वाशीम आणि रिसोड यांच्या मधल्या रानात पडते. भारतातल्या ठावठिकाणा नसलेल्या क्रमांकांचा मुक्काम विदर्भातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात!

ठावठिकाणा. मराठीत या एका व्यवहाराला किती शब्द आहेत, आणि ते आपण किती बेफिकिरीने एकमेकांच्या जागी वापरतो! ‘पत्ता’ म्हणजे पाकिटावर लिहायचा मजकूर. पण ‘पत्ता लागला’ म्हणजे हरवलेले सापडले. एकाच शब्दात पोचवायची सूचना आणि सापडल्याची खात्री अशा दोन गोष्टी बसल्या आहेत. वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात ‘आयपी अ‍ॅड्रेसवरून पत्ता लागला’ या धर्तीचे वाक्य इतके रुळले आहे की ते लिहिताना वार्ताहराला थांबावेसे वाटत नाही. पुडक्याच्या दृष्टीने तो क्रमांक खरोखर पत्ता आहे. उत्तर कुठे पोचवायचे ते त्यावरून कळते. माणसाच्या दृष्टीने तो टेलिफोनसारखा क्रमांक आहे. टेलिफोनच्या क्रमांकाला आपण कधी ‘फोनचा पत्ता’ म्हटले नाही. मी यापुढे ‘आयपी क्रमांक’ लिहायचे ठरवले आहे. शब्दाचा हट्ट म्हणून नव्हे. ‘पत्ता’ म्हटले की मन पुढची पायरी न मोजता चढते, म्हणून.

या कामाला मराठीत आधीपासून एक नेमका शब्द होता : माग. आमच्या भीमा-घोडच्या मुलखात गावाच्या राखणीचे आणि चोरीचा माग काढण्याचे काम रामोशी करत. त्यांच्याविषयी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ साली पुस्तकच लिहिले. माग काढायची रीत अशी : पावलांच्या खुणा धरून निघायचे, आणि खुणा शेजारच्या गावाच्या शिवेत शिरल्या की माग त्या गावाच्या स्वाधीन करायचा. पुढची जबाबदारी त्या गावाची. त्याने एक तर माग आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाही तर नुकसान भरून द्यायचे. या रिवाजाला फार गोंडस ठरवण्याची गरज नाही. निरपराध गावावर भुर्दंड बसतच असेल. आणि ज्यांच्याकडे हे कसब होते, त्यांनाच पुढे इंग्रजी अमलाने जातच्या जात संशयित ठरवले; महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आज आहेत ते त्याच इतिहासामुळे. पण त्या रीतीत एक शहाणपण होते. प्रत्येक शिवेवर माग थांबायचा, दोन गावांची माणसे समोरासमोर उभी राहायची, आणि खूण दोघांना दिसली तरच पुढे जायची.

आयपी क्रमांकाचा मागही शिवांवरून जातो. संकेतस्थळाच्या कंपनीने क्रमांक आणि वेळ सांगायची, तिथे एक शीव. नोंदवहीने पट्टा कुणाचा ते सांगायचे, दुसरी. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्या वेळी तो क्रमांक कोणत्या ग्राहकाला दिला होता ते सांगायचे, तिसरी. आणि त्या ग्राहकाच्या घरातला, दुकानातला, वसतिगृहातला कोणता माणूस तेव्हा यंत्रासमोर होता, ही चौथी, जिथे कोणतीही नोंदवही पोचत नाही. चारही शिवा न थांबता ओलांडल्या तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच घडलेले आहे.

२००७ साली ऑर्कुट या त्या वेळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर कुणीतरी टाकला. पुण्यात गुन्हा नोंदला गेला. संकेतस्थळाकडून आयपी क्रमांक मिळाला, क्रमांकावरून एक मोठी दूरसंचार कंपनी, आणि कंपनीने ग्राहक म्हणून नाव दिले बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याचे. ३१ ऑगस्टला पुणे पोलिसांनी त्याला बंगळूरहून ताब्यात घेतले. तो येरवडा कारागृहात ५० दिवस होता. कंपनीने दिलेली ग्राहकाची माहितीच चुकीची होती. तो मजकूर त्याच्या जोडणीवरून गेलेला नव्हता. माग दुसरीकडे जातो हे लक्षात आल्यावरही तो लगेच सुटला नाही.

या प्रकरणाचा उल्लेख करणारे बरेच जण ते ‘आयपी अ‍ॅड्रेस चुकीचे ठिकाण दाखवतो’ याचा दाखला म्हणून देतात. तसे वाचणे मला बरोबर वाटत नाही. नकाशाने इथे काही केले नव्हते. बंगळूर हे शहर कोणत्याही कोष्टकाने सुचवले नव्हते. चूक तिसऱ्या शिवेवरची होती, आणि ती त्या मानाने अधिक भयंकर. शहराच्या अंदाजाबद्दल निदान जाणकार साशंक असतात. कंपनीच्या पत्रावर आलेले नाव मात्र सगळ्यांनाच पुरावा वाटते, कारण त्यावर शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, सही असते. लेखनप्रकार बदलला की विश्वास बदलतो; आतल्या मजकुराचा कस मात्र तोच राहतो.

या तिसऱ्या शिवेवर सगळे अवलंबून असते वेळेवर. ग्राहकाला मिळालेला क्रमांक तात्पुरता असतो. दुपारी एक वाजता जो क्रमांक माझ्याकडे आहे, तोच रात्री एक वाजता दुसऱ्या कुणाकडे असू शकतो. परदेशी कंपनीची नोंद तिच्या घड्याळाने असते, कधी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या, कधी जागतिक प्रमाणवेळेच्या. आपले घड्याळ त्या प्रमाणवेळेपुढे साडेपाच तास. कोणते घड्याळ, हे पत्रात लिहायचे राहिले, किंवा बेरजेच्या जागी वजाबाकी झाली, की दुसऱ्याच माणसाचे नाव निघते, आणि तेही पूर्ण शिक्क्यानिशी. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सगळ्यांनी आपली घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्यात, असे सांगितले. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या अण्णांना हे वाचून दाखवले, तर म्हणाले, ‘‘एवढ्या उशिरा? आम्ही गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरच्या घड्याळाला घड्याळ लावायचो.’’

वार्ताहरांनी निदान एवढे करावे. ‘पत्ता लागला’ असे लिहिण्यापूर्वी विचारावे की कोणत्या वेळेचा क्रमांक, कोणत्या घड्याळाने, पोर्ट नोंदला होता का, आणि कंपनीने दिलेले नाव दुसऱ्या कोणत्या खुणेने पडताळले का. बातमीत चारांपैकी दोन उत्तरे आली तरी वाचकाला आरोपी आणि ग्राहक यांतला फरक दिसू लागेल. आमच्या तालुक्यात, जिथे राज्य राखीव पोलिसांचे गट आहेत आणि घराघरात कुणीतरी खात्यात आहे, तिथे तरी हे प्रश्न अवघड वाटू नयेत.

बाराव्या नमुन्याच्या बाबतीत अलीकडे एक सुधारणा झाली आहे, आणि तिचे आपल्याकडच्या एका सुधारणेशी विलक्षण साम्य आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. रानात उभे राहून शेतकऱ्यानेच फोटोसकट आपल्या पिकाची नोंद करायची. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, इंटरनेटच्या मानक ठरवणाऱ्यांच्या मालिकेत ८८०५ क्रमांकाचा कागद प्रसिद्ध झाला. आपले क्रमांक कुठे वापरले जातात, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच एका साध्या फायलीत जाहीर करावे, म्हणजे इतरांना अंदाज बांधत बसावे लागणार नाही, अशी ती रीत. तिच्यातली प्रत्येक ओळ पाच रकान्यांची असते. पहिल्यात क्रमांकांचा पट्टा. दुसऱ्यात देशाची दोन अक्षरे, आपल्यासाठी आयएन. तिसऱ्यात राज्य, आयएन-एमएच. चौथ्यात शहर, आमच्या एखाद्या स्थानिक जोडणीवाल्याने मनावर घेतले तर तिथे दौंड लिहिता येईल. पाचवा रकाना पिन कोडचा. पण इतक्या बारीक ठिकाणावरून माणूसच ओळखू येण्याचा धोका असतो, म्हणून तो आता वापरू नये, मोकळा ठेवावा, असे त्या कागदात सांगितले आहे. ४१३८०१ ला तिथे जागा आहे, आणि ती रिकामी सोडायची आहे.